बाहेरचा धूर, घरचा हिशेब

मेलबर्नच्या हवेविषयीच्या चर्चेत एक युक्तिवाद इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे मांडला जातो, की तो तपासून पाहण्याची गरज कोणालाच भासत नाही. या महानगराची हवा मुळात स्वच्छ आहे, ती बिघडते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी, आणि त्या दिवशी जो धूर वा जी धूळ शहरावर उतरते ती शेकडो किलोमीटरांवरच्या जंगलांतून आणि शेतांतून वाऱ्याबरोबर आलेली असते. तेव्हा शहरातले लाकडावर चालणारे हीटर, डिझेलचे ट्रक, कच्चे रस्ते आणि कारखाने यांच्यामागे नियमांचा ससेमिरा लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. यातले निरीक्षण बव्हंशी खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि ही चूक मध्य शहरापेक्षा त्याच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरांवर, मेलबर्न-जिलाँग महामार्गालगत वसलेल्या वेरिबीतून अधिक स्पष्ट दिसते. बाहेरून येणारा धूर वेरिबीवरही येतोच, पण ज्याला मेलबर्न ‘आतले’ म्हणते ते वेरिबीच्या दृष्टीने बाहेरचे असते, आणि हा दुहेरी अनुभव त्या युक्तिवादात कोठेच मावत नाही.

आधी प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे, आणि ते हातचे राखून मान्य करण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२० मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्व टोकाला, ईस्ट गिप्सलँडमध्ये, पेटलेल्या वणव्यांचा धूर मेलबर्नवर येऊन बसला. १४ जानेवारीला राज्याचे मुख्य आरोग्य अधिकारी ब्रेट सटन यांनी रात्रीतून शहराची हवा जगात सर्वांत वाईट झाल्याचे सांगितले, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच खोकल्याने बेजार होऊन सामना अर्धवट सोडून बाहेर पडली. हा धूर तेथेच थांबला नाही, तर प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचला. त्याच्या कितीतरी आधी, ८ फेब्रुवारी १९८३ रोजी, दीर्घ दुष्काळाने भुसभुशीत झालेली मॅली आणि विमेरा या वायव्येकडील शेतीप्रदेशांची तांबडी माती एका शीत आघाडीपुढे उचलली गेली आणि भर दुपारी मेलबर्नवर अंधार पसरला. अशा दिवशी शहरातली सगळी वाहने बंद ठेवली असती तरी हवेत फारसा फरक पडला नसता. आरोग्यावरील परिणामही लहान नाही: २०१९-२०च्या वणव्यांच्या धुरामुळे पूर्व ऑस्ट्रेलियात ४१७ अतिरिक्त मृत्यू झाले आणि त्यांपैकी १२० व्हिक्टोरियात झाले, असा अंदाज त्याच वर्षी देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धुराला सीमा नसते हे वाक्य कितीही झिजलेले असले तरी खोटे नाही.

प्रश्न सुरू होतो तो यापुढे. एखाद्या दिवसाचा धूर कोठून आला हे कसे ठरवले जाते, ही बाब या चर्चेत क्वचितच कोणी उलगडून सांगते, आणि ती उलगडल्याशिवाय दोन्ही बाजूंना वाटेल ते म्हणता येते. हवेतले जे कण व्यासाने २.५ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागापेक्षा लहान असतात त्यांना पीएम २.५ म्हणतात, १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचा समावेश पीएम १० मध्ये होतो. ज्वलनातून प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे कण निघतात, तर उडालेल्या मातीत जाडसर कणांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे दोन्हींच्या गुणोत्तरावरूनच धूर आणि धूळ यांत पहिला फरक करता येतो. लहान कण हवेत कित्येक दिवस तरंगत राहतात म्हणून दूरवर जातात, मोठे कण तुलनेने लवकर खाली बसतात. दुसरी खूण जागेची. व्हिक्टोरियाच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाची, म्हणजे ईपीएची, मोजणी केंद्रे शहराच्या ईशान्येला अल्फिंग्टनमध्ये, पश्चिमेला फुटस्क्रेत, वेरिबीच्या शेजारी पॉइंट कुकमध्ये आणि पलीकडे जिलाँगमध्ये आहेत. या सगळ्या केंद्रांवरचा आलेख थोड्याफार तासांच्या अंतराने एकदम चढत असेल तर धूर दुरून आलेला असतो, आणि एकाच केंद्रावरचा चढून शेजारचा सपाट राहत असेल तर त्याचा उगम त्या केंद्राच्या आसपासच शोधावा लागतो. तिसरी खूण वेळेची. दुरून आलेला धूर दिवसरात्र पाहत नाही. गावातला धूर माणसांच्या दिनक्रमाप्रमाणे चालतो.

रसायनशास्त्राची मदत होते, पण लोक समजतात तेवढी नाही. लाकडातले सेल्युलोज जळले की लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो कणांत सापडला की लाकूड जळल्याचे निश्चित होते. मात्र ते लाकूड गिप्सलँडच्या निलगिरीच्या जंगलातले होते की शेजारच्या घरातल्या शेगडीतले, हे तो पदार्थ सांगत नाही. त्यासाठी ऋतू, तास, वाऱ्याची दिशा आणि हवेच्या झोताचा उलटा मागोवा, म्हणजे नोंदलेल्या वाऱ्यांवरून तो झोत आदल्या दोनतीन दिवसांत कोणत्या प्रदेशावरून आला याची गणना, हे सर्व एकत्र पाहावे लागते. असे सर्व पाहिले की ‘बाहेरून आले’ हे विधान दिवसागणिक तपासून घ्यावयाचे विधान ठरते. वर्षभरासाठी एकदाच काढून ठेवण्याचा तो दाखला नव्हे.

हा तपास हिवाळ्याला लावून पाहिला की युक्तिवादाची पहिली भिंत ढासळते. जून ते ऑगस्टमधल्या निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि नेहमीचा क्रम उलटून गार थराच्या वर उबदार थर झाकणासारखा बसतो. यालाच भूगोलात तापमानाची विपरीतता म्हणतात. या झाकणाखाली संध्याकाळी सहानंतर पेटलेल्या वुड हीटरांचा धूर साचत जातो, मध्यरात्रीच्या सुमारास कळस गाठतो आणि सकाळी ऊन चढून हवा ढवळली गेली की विरतो. मेलबर्नमध्ये हिवाळ्यातल्या सूक्ष्म कणांचा मोठा स्रोत हे हीटर आहेत, ही बाब ईपीए गेली अनेक वर्षे स्वतःच सांगत आली आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या रात्री वाईट असतात त्या नेमक्या वारा नसल्यामुळे. ज्या रात्री पान हलत नाही त्या रात्रीचे प्रदूषण वाऱ्यावर स्वार होऊन परमुलखातून आले, असे म्हणणाऱ्याने वाहन कोणते ते तरी सांगायला हवे.

प्रतिपक्ष यावर म्हणतो, की हिवाळ्यातल्या या रात्रींचे आकडे वणव्याच्या दिवसांच्या मानाने किरकोळ असतात. असतात, पण शरीर कळसाचे दिवस तेवढे मोजत नाही. सूक्ष्म कणांचा हृदयावर आणि फुप्फुसांवर होणारा परिणाम हा मुख्यतः वर्षानुवर्षांच्या सरासरीचा परिणाम आहे, आणि त्यात ज्याच्या खाली काहीच धोका नाही अशी सुरक्षित पातळी अद्याप सापडलेली नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. ऑस्ट्रेलियात मानवी कारणांनी निर्माण होणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे दरवर्षी सुमारे २,६०० मृत्यू होतात, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे आणि त्यात वणवे, समुद्री मीठ, वाळवंटी धूळ असे नैसर्गिक भाग वगळलेले आहेत. हा आकडा साऱ्या देशाचा आणि दीर्घकालीन परिणामांचा आहे, ४१७ हा आकडा पूर्वेकडील राज्यांचा आणि काही महिन्यांतल्या तात्कालिक परिणामांचा, त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालून थेट भागाकार करणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही एवढे निश्चित दिसते, की अलीकडच्या इतिहासातल्या सर्वांत भीषण वणव्यांच्या उन्हाळ्याने जे केले त्याहून अधिक काम साधे, बातमीत न येणारे दिवस दरवर्षी करीत असतात. कळसाकडे बोट दाखवून पायथ्याला निर्दोष ठरवणे हा या युक्तिवादाचा मूळ दोष आहे.

धुळीचेही तसेच. उन्हाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की ‘मॅलीची माती आली’ असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि १९८३ची आठवण एवढी ठसठशीत आहे की तिच्या आडोशाला बरेच काही लपते. वेरिबी आणि मध्य मेलबर्न यांच्या वाटेवर ब्रुकलिन नावाचा औद्योगिक भाग आहे. तेथे डांबर नसलेले रस्ते, राडारोडा फोडून खडी करणारे व्यवसाय आणि उघडे ढीग यांच्यामधून दिवसभर अवजड ट्रक ये-जा करीत, आणि तेथल्या मोजणी केंद्रावर पीएम १०ची २४ तासांची ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा अनेक वर्षे वारंवार ओलांडली जात असे, त्याच दिवशी थोड्या अंतरावरच्या केंद्रांवर मात्र ती शाबूत असे. वारा उत्तरेचा होता हे खरे, पण त्याने उचललेली माती मॅलीतली नव्हती. ती पलीकडच्या गल्लीतली होती, आणि रस्ते डांबरी करणे, ट्रकची चाके धुणे, ढिगांवर पाणी मारणे हे तिच्यावरचे उपाय कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यातले होते. वेरिबी ज्यात मोडते त्या विंडम नगरपालिकेचा झपाट्याने वाढणारा भाग पाहता हा धडा वेरिबीला अधिकच लागू पडतो: २०२१च्या जनगणनेत या नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २,९२,००० च्या घरात गेली आहे, टार्नीट, ट्रुगनायना, मॅनर लेक्स अशा वसाहतींत गवताळ माळ एकरांमागून एकर उकरून घरे उभी राहत आहेत, आणि उकरलेली मातीही वाऱ्यावर उडतेच.

आता त्या नियमाकडे वळावे लागते, ज्याच्यामुळे हा युक्तिवाद सरकारी कागदात शिरला आहे. ऑस्ट्रेलियात हवेच्या दर्जाची राष्ट्रीय मानके १९९८ पासून आहेत, आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत त्यांत ‘अपवादात्मक घटना’ अशी एक तरतूद आली. वणवा, सरकारी परवानगीने केलेली पूर्वनियोजित जाळणी किंवा खंडव्यापी धूळ यांपैकी एखाद्या कारणाने दैनिक मर्यादा ओलांडली गेली, तर ते दिवस त्या मर्यादेच्या पालनाचा निकाल लावताना बाजूला काढता येतात. मोजणीचे आकडे दडवले जात नाहीत आणि वार्षिक सरासरीत ते धरावेच लागतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शिवाय एखाद्या राज्याला वीज पडून लागलेल्या आगीबद्दल नापास करण्यात हशील नाही, हेही उघड आहे. तरतूद प्रामाणिक आहे, तिचा वापर मात्र भलतीकडे गेला. प्रशासनाने स्वतःच्या कामगिरीचे मूल्यमापन करताना वगळलेले दिवस नागरिकांच्या बोलण्यात हळूहळू ‘शहराचा संबंध नसलेले दिवस’ झाले आणि उरलेल्या दिवसांना ‘मानकात बसणारे, म्हणून निरुपद्रवी दिवस’ असे नाव पडले. मानकात बसणे आणि निरुपद्रवी असणे यांत मोठे अंतर आहे. पीएम २.५ची ऑस्ट्रेलियन वार्षिक मर्यादा ८ मायक्रोग्रॅमची होती, २०२५ साठीचे उद्दिष्ट ७ चे ठेवलेले होते, आणि ही दोन्ही आरोग्य संघटनेच्या ५ च्या वरच आहेत.

त्याहूनही खटकणारी बाब म्हणजे वणव्याच्या पंगतीला पूर्वनियोजित जाळणी बसवली आहे. २००९च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यांनंतर नेमलेल्या शाही आयोगाने व्हिक्टोरियातील सार्वजनिक जमिनीचा किमान पाच टक्के भाग दरवर्षी जाळून जळाऊ पाचोळा कमी करावा, अशी शिफारस केली. काही वर्षांनी सरकारने क्षेत्रफळाचे हे उद्दिष्ट सोडून धोका किती कमी झाला यावर आधारलेले उद्दिष्ट स्वीकारले. या धोरणाच्या बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मोठा वणवा टाळण्यासाठी थोडा धूर सोसणे हा अनेकदा शहाणपणाचा सौदा असतो. पण सौदा म्हटला की त्याची किंमत वहीत मांडावी लागते. कोणता डोंगर, कोणत्या आठवड्यात, कोणत्या वाऱ्यावर पेटवायचा हे माणसे बैठकीत बसून ठरवतात. शरद ऋतूतल्या शांत हवेत तो पेटवला तर आग आटोक्यात राहते, पण त्याच शांत हवेमुळे धूर शहरावर मुक्काम ठोकतो. अशा धुराला दैवी कोपाच्या खात्यात टाकणे म्हणजे निर्णय घेणाऱ्याने स्वतःच्याच निर्णयाला पाहुणा ठरवण्यासारखे आहे.

दुरून येणारी आपत्ती सगळीच निसर्गाची असते हा समजही असाच पोकळ आहे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी लाट्रोब खोऱ्यात मॉरवेलशेजारच्या हेझलवुड या उघड्या कोळसाखाणीला जवळच्या आगीतल्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि ती सुमारे ४५ दिवस धुमसत राहिली. आग लावणाऱ्या ठिणग्या रानातून आल्या असतील, पण जळाला तो खाणीच्या वापरात नसलेल्या भागात उघडा पडलेला कोळसा, आणि तो उघडा का होता याची चौकशी आयोगाला करावी लागली. मॅलीची माती तरी दुसरे काय सांगते? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथली झुडपे रोलर फिरवून आडवी केली गेली, गव्हासाठी जमीन वारंवार नांगरून उघडी ठेवली गेली, आणि पुढे पिकाची धसकटे शेतात राखून कमीत कमी नांगरट करण्याची पद्धत रुळल्यावर मातीचे उडणे कमी झाले. म्हणजे ‘बाहेरची’ धूळसुद्धा शेतीच्या पद्धतीने वाढली आणि शेतीच्या पद्धतीनेच घटली. उगम दूर असला की तो माणसाच्या हाताबाहेर जातो, हे समीकरण इतिहासाने मोडीत काढले आहे.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा यापुढचा आहे: मानले की उगम माणसाच्या हातात आहे, पण तो शहराच्या हातात नाही, मग शहराने काय करावे? याचे उत्तर वेरिबीच्या आकाशातच एकदा लिहिले गेले. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी, पारा ३५ अंशांच्या आसपास असताना, संध्याकाळी गडगडाटी वादळांची एक रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे जिलाँग आणि मेलबर्नवरून सरकली. शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला पसरलेल्या कुरणांतल्या रायग्रास या गवताचे पराग तिने उचलले, आर्द्रतेने ते फुटून अतिसूक्ष्म तुकडे झाले आणि एरवी नाकातच अडकणारे पराग थेट फुप्फुसांत उतरले. पुढच्या ३० तासांत श्वसनाच्या तक्रारींनी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत नेहमीपेक्षा ३,३६५ रुग्ण अधिक आले आणि १० जणांचा मृत्यू झाला. रुग्णांत भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियात जन्मलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून बरेच जास्त होते. गवत बाहेरचे, वारा बाहेरचा, वादळ तर आभाळाचेच. तरीही राज्याने ‘बाहेरून आले’ म्हणून हात झटकले नाहीत: परागांची मोजणी करणारी केंद्रे वाढवली, हवामान खाते आणि विद्यापीठांना जोडून घेतले आणि २०१७ पासून १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या हंगामात थंडरस्टॉर्म अस्थम्याचा, म्हणजे वादळी दम्याचा, धोका रोज जाहीर करण्यास सुरुवात केली. आता वेरिबीतल्या घरांत त्या महिन्यांत निळ्या इनहेलरची जागा ठरलेली असते आणि उत्तरेचा वारा सुटला की मुलांना आत बोलावले जाते. स्रोत शहराच्या हद्दीत नसताना शहर काय करू शकते याचा हा नमुना ज्यांच्या डोळ्यांसमोर घडला, त्यांनी धुराच्या बाबतीत हतबलतेचे तत्त्वज्ञान सांगणे विचित्र वाटते.

आणखी एक गोष्ट आहे, जी मध्य शहरातून दिसतच नाही. मेलबर्न बाहेरून घेते तसे बाहेर पाठवतेही, आणि ते घेणाऱ्यांत वेरिबी पहिल्या रांगेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघड्या गटारांच्या दुर्गंधीमुळे हे शहर ‘स्मेलबर्न’ म्हणून हिणवले जाई; १८९१ मध्ये स्थापन झालेल्या शहर मंडळाने वेरिबीची विस्तीर्ण जमीन घेतली, स्पॉट्सवुडच्या पंपघरातून मैला तिकडे ढकलण्याची योजना आखली आणि १८९७ पासून ती सुरू झाली. आज सुमारे १०,५०० हेक्टरांवर पसरलेला हा पश्चिम प्रक्रिया प्रकल्प मेलबर्नच्या साधारण निम्म्या सांडपाण्यावर प्रक्रिया करतो. तेथल्या तलावांवर शेकडो जातींचे पक्षी येतात, जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत मोडते, तलावांवर आच्छादने घालून त्यांतला मिथेन वायू वीज करण्यासाठी वापरला जातो, हे सर्व कौतुकाचेच. परंतु ती आच्छादने येण्यापूर्वीच्या शंभर वर्षांत वेरिबीचे नाव मेलबर्नच्या विनोदांत कोणत्या वासाशी जोडले गेले होते ते तेथल्या जुन्या रहिवाशांना सांगावे लागत नाही. १९९०च्या दशकात शहरातल्या उद्योगांचा विषारी कचरा पुरण्यासाठी वेरिबीतली एक दगडखाण निवडली गेली, तेव्हा सीएसआर या कंपनीच्या त्या प्रस्तावाविरुद्ध हजारो लोक उभे राहिले आणि १९९८ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. त्या लढ्यात कोणी असे म्हटले नव्हते, की कचरा बाहेरचा आहे म्हणून वेरिबीने गप्प बसावे.

हवेच्या बाबतीत ही निर्यात कमी दृश्य, पण तितकीच खरी आहे. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधन-रंग-द्रावकांतून उडणारी सेंद्रिय बाष्पे यांच्यावर ऊन पडले की काही तासांत जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. तो गाड्यांच्या गर्दीत कमी आणि गर्दीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जास्त सापडतो. मेलबर्नच्या भूगोलाने यात भर घातली आहे. पूर्व आणि ईशान्येचे हलके वारे डोंगराळ भागाला वळसा घालताना शहर आणि पोर्ट फिलिप उपसागर यांवर एक मोठा, संथ भोवरा तयार करतात, ज्याला हवामानशास्त्रज्ञ ‘मेलबर्न एडी’ म्हणतात. सकाळच्या वाहतुकीचा धूर त्यात फिरून उपसागरावर जातो, पाण्यावर ऊन खात मुरतो आणि दुपारी सागरी वारा सुटला की ओझोन होऊन किनाऱ्यावर परत येतो. शहराने सकाळी सोडलेले असे संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या अंगाला, कधी थेट जिलाँगच्या बाजूला पोहोचते. वेरिबीकरांनी शहराचेच तर्कशास्त्र वापरून ‘आमची हवा मुळात स्वच्छ, बिघाड काय तो मेलबर्नचा’ असे म्हणायचे ठरवले, आणि जिलाँगने तेच वेरिबीविषयी म्हटले, तर साऱ्या किनाऱ्यावर धूर करणारा एकही माणूस शिल्लक राहणार नाही.

या भागात गेल्या दोन दशकांत स्थायिक झालेल्या मराठी घरांत या युक्तिवादाची एक वेगळी आवृत्ती ऐकू येते, आणि ती अधिक समजण्याजोगी आहे. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यातून आलेल्या माणसाला वेरिबीचे आकाश काचेसारखे वाटणारच. ज्याने तिकडे शंभरीपार आकडे पाहिले त्याला सात-आठ मायक्रोग्रॅमवर वाद घालणे हे चोचले वाटले तर नवल नाही. पण मुंबईनेही हा डाव पाहिलेला आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईतल्या गाड्यांवर पांढरी पूड साचली, आणि ती खरोखरच बाहेरची होती. त्यानंतरच्या हिवाळ्यांत जेव्हा शहर आठवडेच्या आठवडे धुरकट राहिले, तेव्हा मंद वारे आणि प्रशांत महासागरातला ला निना यांच्या नावाने बरेच बिल फाडले गेले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांभोवती पत्र्याचे उंच कुंपण, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे असे नियम काढले, म्हणजे धूळ बरीचशी मुंबईतल्या इमारतींच्या पायांतून निघत होती हे मान्य केले. वारे पडले म्हणून प्रदूषण साचले, हे खरे; पण पडलेल्या वाऱ्याने धूळ निर्माण केली नाही. मुंबईत कळलेले हे गणित विमानात बसल्यावर विसरण्याचे कारण नाही.

उलट बाजूच्या अतिरेकालाही येथे थारा देता येत नाही. प्रत्येक धुरकट दिवस शेजाऱ्याच्या शेगडीच्या किंवा वेस्ट गेट पुलावरच्या ट्रकच्या माथी मारणारे कार्यकर्ते वणव्याच्या आठवड्यात तोंडघशी पडतात आणि मग खऱ्या स्थानिक प्रश्नांवरची त्यांची पतही जाते. स्रोतांची वाटणी ऋतूगणिक आणि जागेगणिक करावी लागते, आणि ज्या दिवशी धूर गिप्सलँडचा असेल त्या दिवशी शाळांत, वृद्धाश्रमांत गाळण लावलेल्या खोल्या तयार ठेवणे हेच शहराचे काम असते. मात्र त्या आठवड्याचा हवाला देऊन उरलेल्या आठवड्यांची कामे पुढे ढकलली जातात, आणि ती किती पुढे ढकलली गेली आहेत हे तारखांवरून दिसते. भारताने १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना युरो ६ च्या तोडीची बीएस-६ मानके आणि इंधनात दहा लाख भागांमागे १० भाग एवढीच गंधकाची मर्यादा लागू केली. ऑस्ट्रेलियात पेट्रोलमधल्या गंधकाला तीच मर्यादा डिसेंबर २०२५ मध्ये लागली, तोपर्यंत साध्या पेट्रोलला १५० भागांची मुभा होती. मोटारींच्या नव्या मॉडेलांना युरो ६च्या तोडीचे मानक त्याच महिन्यापासून लागू झाले आणि विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ते जुलै २०२८ पासून लागू होणार आहे, तर नव्या मॉडेलच्या ट्रकना ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. ट्रक पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर राहतो. बंदर आणि पश्चिमेची गोदामे यांच्यामध्ये धावणारे जुने डिझेल ट्रक २०४० च्या अलीकडे-पलीकडे कधीतरी भंगारात जातील, आणि तोवर ते कोणत्या रस्त्यावरून, कोणत्या तासाला धावतील हे ठरवण्याचा अधिकार बव्हंशी व्हिक्टोरिया सरकारच्या हातात आहे.